पेशीतला तांडेल

आमच्या मोठ्या जाऊबाई, हौसाबाई, हसायला लागल्या की सगळं तोंड उघडून हसतात. पदर नाही, हात नाही, काही आड नाही. कोपरीच्या मासळी बाजारात पहिल्या ओट्यावर त्यांची जागा आणि त्यांचं हसू पार रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जातं. त्र्याण्णव सालच्या नारळी पौर्णिमेला त्या आमच्या ओटीवर अशाच हसल्या, आणि समोर बसलेली माझी लेक मालू हसता हसता गप्प झाली.

"मोठी आय, जरा परत आ कर."

"कशाला? दात मोजतेस?"

"डाव्या गालाच्या आत पांढरं काय आहे?"

हौसाबाईंनी तोंड मिटलं. "नारळाची वडी खाल्ली, ती असंल," म्हणाल्या आणि टोपली उचलून चालू लागल्या.

वडी नव्हती ती. ज्या जागी त्या मशेरी दाबून ठेवतात, नेमका तिथेच तो चट्टा होता.

आमच्या कोळीवाड्यात मशेरी न लावणारी बाई शोधावी लागते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्याबरोबर बोटाने दातांवर घासायची. त्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही, असं सगळ्या मानतात. हौसाबाईंचं बोट तर दिवसभर डबीत. मी लावत नाही. ज्या तोंडाने एकवीरा आईचं नाव घ्यायचं त्या तोंडात तंबाखू नको, असा नेम मी लग्नाआधीच धरला. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, जप, पोथीचा एक अध्याय आणि मगच कुणाशी बोलणं, हे माझं रोजचं. हौसाबाई त्यावरून चिडवतात, "मनीचा देव उठल्याबिगर मनीचं तोंड उघडत नाय. आणि उघडलं तरी ऐकू कुनाला येतंय!"

चिडवू देत. मालूच्या जन्मानंतर मी टायफॉइडने आडवी झाले तेव्हा पोरीला वाटी-चमच्याने दूध पाजून वाढवलं ते त्यांनी. त्यांना मूलबाळ नाही, त्यांचे यजमान नामाभावजी लवकर गेले. मालूला मासळीच्या पाटीत बसवून शाळेच्या फाटकाशी उतरवणारी बाई म्हणून त्या ठाण्यात ओळखीच्या. पोरगी पाटीतून उतरायची, अंगाला कोळंबीचा वास, आणि वर्गात पहिली यायची. एम.एस्सी. झाली तेव्हा हौसाबाईंनी बाजारात सगळ्यांना सांगितलं, "आमची पोर आता डाक्टर होनार, पन माणसांची नाय, माणसाच्या आतल्या बारीक बारीक माणसांची."

ते फारसं चुकीचं नव्हतं. मालू मुंबईला एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.चं काम करत होती. तंबाखू वापरणाऱ्यांच्या तोंडातल्या पेशी आणि त्या पेशींमधलं एक प्रथिन, हा तिचा विषय. देवीपुढे बसून मी म्हणते की गर्व नको, पण प्रथिन या शब्दाचा अर्थ मला कळायच्या आधी माझ्या पोरीला तो कळला, याचं सुख मला अजून होतं.

त्या रात्री मालू नीट जेवली नाही. "आई, तसले चट्टे मी रोज बघते. सगळ्यांचं वाईट होत नाही. पण काहींचं होतं, आणि दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. मोठी आयने एकदा तोंड उघडून दाखवलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली, ओट्यापाशी बसली, गोड बोलली. हौसाबाई पापलेटाचे कल्ले उघडून गिऱ्हाइकाला दाखवत होत्या.

"बघ, मासा बी असंच दाखवते मी. मेल्यावर," त्या म्हणाल्या. "मी जित्ती हाय. जा घरी."

मालू हट्टी आहे. मोठी आयवर गेली आहे. तिने ठरवलं की एकट्या हौसाबाईंना विचारायचंच नाही, सगळ्या वाड्याला विचारायचं. नाहीतरी तिला मशेरी लावणाऱ्या बायकांच्या गालातल्या पेशी अभ्यासाला हव्याच होत्या. सगळ्या बसल्या तर मोठी आय कितीशी लांब राहील?

गणपती गेल्यावरच्या रविवारी आमच्या अंगणात बायका जमल्या. मालू पाटावर बसली आणि सांगू लागली. मी दाराआड उभी होते. माझी पोर इंग्रजीत लिहिते हे मला ठाऊक होतं. ती आमच्या भाषेत काय करते ते मी तेव्हा पाहिलं.

"आपलं अंग बारीक पेशींचं बनलंय. एकेक पेशी म्हणजे एकेक होडी समजा. होडीवर तांडेल असतो. माझे बाबा तांडेल होते. ते होडीवर काय करायचे?"

"बोंबलायचे!" शकू म्हणाली. ती आमच्या शेजारची, जिभेला हाड नाही.

"आणि?"

"वारा बघायचे. होडी थांबवायचे. जाळं फाटलं तर पहिलं शिवून घ्या म्हणायचे."

"आणि होडीचं लाकूडच कुजलं तर?"

आतून मालूचे बाबा, दामाजी, ओरडले, "फोडून टाकायची! कुजकी होडी ठेवली तर सुटून दुसऱ्यांवर आदळते."

"तेच," मालू म्हणाली. "पेशीत एक प्रथिन असतं, पी-फिफ्टीथ्री. एकटं, पण कामं ढीगभर. पेशीला मार बसला की ते धावून येतं. पहिलं पेशीची वाढ थांबवतं. मग दुरुस्ती करणाऱ्यांना कामाला लावतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला सांगतं, तू आता मर. काम झालं की ते निघून जातं, म्हणून धडधाकट पेशीत ते दिसतसुद्धा नाही. पण तंबाखूने खुद्द तांडेलच बिघडला तर?"

"म्हंजे दारू प्यायला?" शकू.

"हां. मग तो हुकूम देत नाही आणि होडीवरून उतरतही नाही. तिथेच पसरतो. साठत जातो. आम्ही पेशींवर असं औषध घालतो की ते फक्त त्यालाच चिकटतं, आणि जिथे तो पसरलाय तिथे तपकिरी रंग येतो. बाकी निळं. मला तुमच्या गालाच्या आतून लाकडी पट्टीने थोडंसं खरवडून घ्यायचंय. दुखत नाही. पुढच्या रविवारी या. येताना मात्र तोंड स्वच्छ साफ करून या."

हौसाबाई अंगणात आल्याच नव्हत्या. पण कुंपणापलीकडे जाळ्याची दोरी विणत बसल्या होत्या आणि दोरी तासाभरात वीतभरही पुढे सरकली नव्हती.

पुढच्या रविवारी बायका आल्या. चांगली लुगडी नेसून, केसांत फुलं माळून. मालूने एकेकीच्या गालातून पेशी घेतल्या, काचेवर पसरल्या, काचा डब्यात भरल्या आणि सोमवारी मुंबईला नेल्या. संध्याकाळी परत आली ती दारातच बसली. मला वाटलं रडतेय. हसत होती.

"आई, सगळ्या काचा काळ्या! सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर नुसती कोळशाची भुकटी. एक पेशी धड दिसेना. मी म्हटलं तोंड साफ करून या, आणि सगळ्या जणी मशेरीने साफ करून आल्या! शकू म्हणते, तुझ्यासाठी दोनदा लावली. सर विचारत होते, या बायका काय कोळशाच्या खाणीत राहतात का?"

मी हसले नाही. बायकांनी पोरीचा मान ठेवला होता. आमच्यात तोंड साफ करायचं म्हणजे तेच.

"मग काय सांगायचं त्यांना?" मालू म्हणाली. "आदल्या संध्याकाळपासून मशेरी सोडा म्हटलं तर एकही येणार नाही. आणि मोठी आय तर..." चट्ट्याचंच तिच्या मनात होतं.

मी रात्रभर विचार केला नाही, मला तसली सवय नाही. सकाळी जपाला बसले आणि जप संपताना मार्ग दिसला. आमच्या बायका डॉक्टरचं ऐकत नाहीत, नवऱ्याचं ऐकत नाहीत, पण नेम धरला की मोडत नाहीत. नवरात्र आठवड्यावर आलं होतं. नऊ दिवस अनवाणी राहतात, काही जणी उठता-बसता उपास करतात.

मी घरोघर गेले. सांगितलं, नवरात्रातल्या शुक्रवारी एक सकाळ आईच्या नावाने मशेरी सोडू. आदल्या सांजेपासून. मालूचं काम झालं की सुटलो. का सोडायची तेही सांगितलं, काही लपवलं नाही. मशेरी मला नाहीच, म्हणून मी चहा सोडते म्हटलं. माझा चहा सगळ्या वाड्याला माहीत आहे.

हौसाबाईंकडे शेवटी गेले. त्या सुके बोंबील उन्हात पालटत होत्या.

"मने, देवीने कधी सांगितलं गो मशेरी सोडायला?"

"देवीने चपला सोडायला तरी कुठं सांगितलंय, बाय? आपणच सोडतो."

"तुझी लेक मना कापायला बघते."

"बघायला बघते."

"आणि मी नाय आले तर?"

"तर काही नाही. बाकीच्या सगळ्यांचा नेम होईल. तुमचा राहील."

चैत्रात कार्ल्याला जाताना पालखीपुढे पहिला मान त्यांचा. देवीच्या नेमात त्या मागे राहिल्या, असं वाड्यात कुणी आजवर म्हणालेलं नाही. मी तशीच घरी आले.

शुक्रवारची सकाळ! देवी क्षमा करो, पण तसला वाडा मी कधी पाहिला नाही. नळावर भांडण, मोरीवर भांडण. शकूने नवऱ्याच्या अंगावर चहाचा कप उलटा केला. कुणाचं डोकं धरलेलं, कुणाचं पोट. एकीने देवीलाच विचारलं, "आई, तू नऊ दिवस बसतेस ती कशी गो?" आमच्या अंगणात रांगेत बसलेल्या बायका एकमेकींकडे अशा बघत होत्या की मालूने घाईघाईने पट्ट्या काढल्या.

सगळ्यांचं झालं. माझंही घेतलं. मालू डबा बंद करायला लागली, तेवढ्यात फाटक वाजलं. हौसाबाई. अनवाणी, डोळे लाल, पदर खोचलेला.

"लवकर कर गो. नायतर कुनाला तरी चावीन."

त्या पाटावर बसल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. हसण्यासाठी नाही. पहिल्यांदाच. मालूने गालाच्या आत बघितलं, पट्टी फिरवली, पेशी काचेवर घेतल्या. ज्या बाईने तिला पाजलं तिच्या तोंडातला पांढरा चट्टा, त्यात लालसर ठिपके, आणि पोरीचा हात देवळातल्या समईसारखा स्थिर. मी तिची आई. मला तिच्या कानशिलावरची शीर उडताना दिसली, दुसऱ्या कुणाला नाही.

"झालं, मोठी आय."

"झालं? बस एवढंच?" हौसाबाई उठल्या. "डबी दे गो शके."

बाकीच्यांत कुणाला चट्टे, कुणाचे नुसते रंग बदललेले गाल. एकेकीला मालूने नंतर घरी जाऊन सांगितलं, कुणी दाखवून यायचं, कुणी नुसती मशेरी सोडायची. हौसाबाईंच्या पेशी मात्र तिने दोनदा रंगवल्या. चुकलं असेल म्हणून दुसऱ्यांदा. मग घरी येऊन मला म्हणाली, "आई, तपकिरी आहे."

"म्हणजे?"

"नुसत्या रंगाने कॅन्सर आहे असं म्हणता येत नाही. रंग नाही म्हणजे सुटलो असंही नाही. पण असा चट्टा आणि वर हा रंग, म्हणजे तुकडा काढून तपासलाच पाहिजे. सरही तेच म्हणाले."

हौसाबाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाही. "दुखत नाय, खुपत नाय. कापायचं कशाला? नामा पोटात दुखतंय म्हनून इस्पितळात गेला तो आडवाच बाहेर आला."

मालू रडली नाही, ओरडली नाही. "कापायला नको येऊ," ती म्हणाली. "तुझा तांडेल बघायला ये. तुझा आहे, तू नाही बघायचा तर कोणी बघायचा?"

हौसाबाई यायला तयार झाल्या. दुसऱ्याच्या नजरेने मासा घेणाऱ्यातल्या त्या नाहीत.

आम्ही तिघी गेलो. प्रयोगशाळेत मालूने पांढरा कोट घातला आणि पोरंपोरी तिला "मालूताई, मालूताई" करत आली. तिचे सर उठून उभे राहिले, हौसाबाईंना खुर्ची दिली. बाजारात लोक आमच्यापुढे उभे राहतात ते भाव पाडायला. इथे माझ्या पोरीमुळे मोठा माणूस उभा राहिला. मी पदर नीट केला.

मालूने पहिली काच ठेवली. "ही आईची."

हौसाबाईंनी डोळा लावला. "निळं निळं. थाळीत पसरल्या पाकळ्या जशा. मधी एक ठिपका."

"तो ठिपका म्हणजे पेशीचा गाभा. तिथे काही साठलेलं नाही. आता ही तुझी."

हौसाबाई वाकल्या. मग वर आल्या नाहीत. त्यांची बोटं टेबलाच्या कडेला घट्ट बसली होती. मी मनात जप धरला.

"ठिपकं तपकिरी हायत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. इतका हळू आवाज त्यांना आहे हे मला माहीत नव्हतं. "सगळी नाय. पन लई हायत."

"हो."

"यो प्यालेला तांडेल?"

"हो, मोठी आय."

"याला तुमी औषध देऊन शुद्धीवर नाय आणू शकत?"

"अजून कुणालाच येत नाही ते. जगभर शिकतायत, मीही शिकतेय. आम्ही शेक देतो, किरणांचा, तेव्हाही पेशीला मर म्हणून हुकूम बऱ्याचदा हाच देतो. तोच बिघडलेला असला तर काही गाठी शेकाला दाद देत नाहीत. म्हणून लहान आहे तोवर ती होडी काढून टाकायची. आत्ता एवढीशी आहे." मालूने करंगळीचं नख दाखवलं.

हौसाबाई सरळ झाल्या. मालूकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, कोटाच्या खिशावर शिवलेल्या नावाकडे बघितलं. त्यांना वाचता येत नाही, पण ते नाव कुणाचं ते त्यांना कळलं.

"कापनार कोन?"

"सर्जन आहेत. मी बाजूला उभी राहीन."

"मग काप," त्या म्हणाल्या. "पन दिवाळीचा बाजार झाल्यावर. दिवाळीत मी ओटा सोडनार नाय."

"दिवाळीच्या आत," मालू म्हणाली.

"आय कोन हाय, मी का तू?"

"आज मी."

सर खिडकीकडे वळून चष्मा पुसत होते.

दिवाळीच्या आतच झालं. तुकड्यात कॅन्सर निघाला, नुकता धरलेला, खोल न गेलेला. तेवढा भाग आणि भोवतीची कड काढून टाकली, शेकाची गरज पडली नाही. काही आठवडे हौसाबाईंना बोलता येईना, नळीने पेज द्यावी लागे. शकू म्हणाली की बाजार मुका झालाय, गिऱ्हाइकं भाव न करता परत जातात. मशेरीची डबी त्यांनी मालूच्या हातात दिली. मग तीन वेळा मागून घेतली आणि तीन वेळा परत दिली. चौथ्यांदा मागितली नाही. मालू दर सहा महिन्यांनी त्यांचं तोंड बघते आणि त्या दर वेळी तिला शिव्या देतात, त्यावरून आम्हाला कळतं की सगळं ठीक आहे.

मालूचा प्रबंध पुरा झाला. तिच्या नावाआधी डॉक्टर लागलं. पंच्याण्णव साली डोंबिवलीच्या एका महिला मंडळाने तिला भाषणाला बोलावलं. मंडळाच्या अध्यक्षा सुहासिनीबाई मोठ्या अगत्याच्या. दारात स्वतः गुलाबपाणी शिंपडत होत्या. हौसाबाई म्हणाल्या, मी येनार. कोळ्यांचं लाल लुगडं नेसून, कानांत सोन्याची फुलं घालून त्या पहिल्या रांगेत बसल्या.

मालू छान बोलली. होडी, तांडेल, सगळं. बायका शांत ऐकत होत्या. प्रश्न विचारा म्हटलं तर कोणी उठेना. शेवटी मागून एक बाई म्हणाल्या, "फार माहितीपूर्ण. पण आमच्याकडे असलं काही नाही हो. ते त्या वस्तीतल्या बायकांचं."

मला बोलायचं होतं, पण माझा आवाज सभेत कुठे पोचतो! हौसाबाई उठल्या. मंचावर गेल्या. माईक बाजूला केला, त्यांना लागत नाही.

"यो बघा," म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर, पदर नाही, हात नाही, तोंड उघडून गालाच्या आतली शिवण बोटाने दाखवली. "मी पन म्हनलेले, मना काय नाय. नारळाची वडी म्हनलेले. पोरीनं सोडली नाय. आता सांगा, तुमच्यातल्या किती जनी दात घासायला ती तंबाखूची पेस्ट लावतात? नळीतली. आणि तपकीर?"

मग सुहासिनीबाई, त्या अगत्याच्या, गोऱ्या, मोत्याच्या कुड्या घातलेल्या, हळूच उठल्या आणि मंचाकडे आल्या. "मला तपकिरीची सवय नाही हो," त्या मालूला म्हणाल्या. "म्हणजे... थोडीशी. सासूबाईंपासून लागली. जरा बघता का?"

मग दुसरी उठली. मग ती मागची, माहितीपूर्ण म्हणालेली. मालूने मंचामागच्या खोलीत खुर्ची मांडली आणि बॅटरी माझ्या हातात दिली. "आई, उजेड सरळ धर." मी धरला. माझी मुलगी एकेका तोंडात वाकून बघत होती, शांतपणे सांगत होती, कुणाला कुठे जायचं, कुणी काय सोडायचं. त्या सगळ्या मोठ्या घरच्या बायका तिच्यापुढे आ करून बसत होत्या, जशा एकदा आमच्या अंगणात आमच्या बायका बसल्या होत्या. माझे हात भरून आले तरी मी बॅटरी खाली केली नाही.

दाराशी रांग लांबत चालली होती. ती सांभाळायला हौसाबाई उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, अगदी पहिल्या ओट्यावर असतात तशा.

"ढकलू नका गो! सगळ्यांचे गाल बघनार हाय माझी पोर!"

आणि मग त्यांचं ते हसू. डोंबिवलीच्या त्या रस्त्यावरही ते पार लांबवर गेलं असणार.